बटणाखालचं गणित

फोल्डर उघडेना. ‘परवानगी नाही’, एवढंच स्क्रीनवर आलं. स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्याच प्रोग्रामची परवानगी नाही! त्याचं डोकंच फिरलं.

हा प्रोग्राम दोघा नवराबायकोंनी मिळून उभा केलेला. आजारी मुलाचं वजन टाकायचं, बटण दाबायचं, औषधाचा डोस समोर. कितीतरी दवाखाने त्याच्या भरवशावर चालत होते. स्क्रीनवरच्या खिडक्या, रंग, बटणं सगळं त्यानं केलेलं. डोसाचं गणितही त्याचंच, बटणाच्या कोडमध्येच लिहिलेलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. आणि आता बायकोनं सूत्र न् सूत्र उपसून वेगळ्या फोल्डरमध्ये नेलं होतं, वर कुलूपही घातलं होतं. त्याच्याकडे उरली काय, तर रंगरंगोटी!

म्हणे, गाभा वेगळा आणि दर्शनी भाग वेगळा. सगळीकडे असंच करतात. करत असतील, पण नवऱ्याला बाहेर ठेवून? तिचा भाऊ हल्ली उठसूट ऑफिसात यायचा. दोघं कुजबुजायची आणि हा आत आला की गप्प. कुठंतरी पाणी मुरत होतं खास. एकदा गाभा हातात आला की तो विकायला कितीसा वेळ लागतो? मग नवरा तरी कशाला हवा?

तो तडक तिच्या टेबलाशी गेला. भाऊ तिथंच बसला होता. त्याच्या देखतच हा कडाडला, “सरळ सांग. मला वेगळं काढायचंय ना तुला?”

भाऊ मुकाट्यानं उठून बाहेर गेला. तिनं चिडायला हवं होतं, निदान “काहीतरीच काय” तरी म्हणायला हवं होतं. ती चिडली नाही. खुर्ची ओढून तिनं त्याला बसवलं.

“मागच्या महिन्यात एका बाळाला दहापट डोस दाखवला आपल्या प्रोग्रामनं. नर्सच्या लक्षात आलं म्हणून बाळ वाचलं. ते सूत्र तू बदललं होतंस. म्हणून गणित बाजूला काढलं. रंग, बटणं तुझ्याकडेच ठेवलीत. तिथं चुकलं तरी कुणाचा जीव जात नाही.”

“मी बदललं? शक्यच नाही! आणि हे तू मला आज सांगतेयस?”

तिचे डोळे भरून आले.

“कालही सांगितलं,” ती म्हणाली. “परवाही सांगितलं होतं. रोज सकाळी तू हेच विचारत येतोस रे.”