भट्टीतली धग

“नक्की विझली आहे?” पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं.

“केव्हाच,” दादा म्हणाला. “आता नुसता विटांचा ढीग आहे, साहेब.”

बोलताना त्याची जीभ अडखळली. भट्टी काल दुपारपर्यंत पेटलेली होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने विझवली होती.

बरण्या-बाटल्या करणाऱ्या या काचेच्या कारखान्यात दादा मुख्य भट्टीवाला. त्याच्या आधी त्याचा बाप होता. काचेची भट्टी म्हणजे तान्ह्या पोराचं करणं. रात्र नाही, सुटी नाही, कुणीतरी उशाशी हवंच. एकदा का ती पार गार झाली, की आतली काच थिजते आणि भट्टी तडकते. बापाला स्मशानात पोहोचवून आला, त्या दिवशीसुद्धा दादा पाळीवर हजर होता.

पण गिऱ्हाईक आटलं आणि मालकाने हात वर केले. कामगारांनीच इकडून तिकडून कामं आणून भट्टी कशीबशी धुगधुगती ठेवली. मग सरकारची योजना आली. कारखाना पुन्हा उभा करायला भांडवल, नवी भट्टीसुद्धा बांधून मिळणार. अट एकच, कारखाना बंद पडलेला हवा. चालू असेल तर दमडी नाही.

“म्हणजे मेल्याशिवाय औषध नाही म्हणा की!” फुंक्या म्हणाला होता. उभा जन्म काच फुंकून त्याचे गाल लोंबायला लागले होते, म्हणून फुंक्या. त्याच्या बोलण्यावर एरवी सगळे खोखो हसत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आणि योजना कुणाच्या खात्याची? उद्योगमंत्र्याच्या. आणि मंत्री कोण? दादाचा सख्खा धाकटा भाऊ! दादाने त्याला एकदाच फोन केला.

“एवढंच सांग, ती अट बदलेल का?”

पलीकडे धाकट्याने आवाज खाली आणला.

“दादा, मी शपथ घेतली आहे. बैठकीतलं बाहेर बोलायचं नसतं. आणि तू माझा भाऊ, तुला तर मुळीच नाही. मी तिकडे येईन, तेव्हाच सगळ्यांसमोर काय ते सांगेन.”

“तुमच्या जादा पाळ्यांवर शिकला, आणि आता तुम्हीच परके,” दादाची बायको म्हणाली. ते दादाला फार लागलं. दोन दिवस घास गोड लागला नाही.

मंत्री येणार असा निरोप आला, तशी सगळ्यांनी मिळून भट्टी विझवायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण गॅसचा कॉक बंद करायला कुणाचा हात पुढे होईना. शेवटी दादानेच तो फिरवला. घरी येऊन मोरीचा नळ पूर्ण सोडला आणि लहान पोरासारखा रडला.

आता अधिकाऱ्याने भट्टीच्या भिंतीला तळवा लावला आणि तो तसाच ठेवला.

“वीट तर चांगलीच गरम लागतेय.”

“ऊन येतं हो त्या बाजूने,” फुंक्या म्हणाला.

“हे बघा, पोटात थोडी धग असेल तर सांगा. लपवू नका. तुमचं काही वाईट होणार नाही.”

दादा आणि फुंक्याने एकमेकांकडे पाहिलं. साहेब गळ टाकतोय, दुसरं काय!

“नाही म्हणजे नाही,” दादा म्हणाला. “वाटल्यास लेकरांची शपथ घेतो.”

अधिकाऱ्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. “मला जास्त बोलायची मुभा नाही. मंत्रीसाहेब आले की बघू,” एवढंच म्हणून तो फाटकाकडे गेला.

हा परका माणूस, तरी त्याला संशय आला. धाकटा तर याच शेडमध्ये लहानाचा मोठा झालेला. आत पाऊल टाकताच त्याला कळेल. भट्टीच्या पोटात अजून लाल होतं. या घडीला पेटवली असती, तर हळूहळू सावरलीही असती.

“भट्टीची सगळी दारं उघड,” दादा फुंक्याला म्हणाला. “मोठा पंखा इकडे फिरव.”

“दादा, अरे, गार वारा आत गेला तर फुटेल ती!”

“फुटू दे. नवी मिळेल. सगळ्यांच्या चुली पेटायच्यात ना? मग लाव पंखा.”

फुंक्याने डोळे पुसले आणि पंखा लावला. आधी बारीक तडतड झाली. मग आतून असा कडाड आवाज आला, की बाहेर उभे असलेले सगळे आत धावले. दादाने भट्टीवर हात ठेवला आणि “माफ कर गं, माय,” म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या. मंत्री हारतुरे बाजूला सारून, अधिकाऱ्यांना मागे टाकून थेट दादाकडे आला आणि त्याला कडकडून मिठी मारली. किती वाळला होता! दादाला वाटलं, याच्यावर उगीच रागावलो आपण.

“रागावला होतास ना माझ्यावर?” धाकटा हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. “काय करू, तोंड शिवून बसलो होतो. कालच सही झाली. पैशासाठी मालक लोक चांगल्या भट्ट्या मुद्दाम विझवायला लागले होते, दादा. सगळ्यांशी भांडून ती अट फिरवून घेतली. विझलेल्या भट्टीला आता काही नाही. ज्यांनी हाल सोसून ती जिवंत ठेवली, त्यांनाच सगळं. मी छातीठोकपणे सांगितलं, आमचा दादा आहे तिथे, भट्टी विझायची नाही. चल, आधी भट्टी दाखव.”