कड्याची हाक

हवरामानच्या डोंगरातल्या त्या कड्यावर कुण्या जुन्या राजाने स्वतःला कोरून घेतलं होतं, पायाशी दोरीने बांधलेले कैदी. त्याच्यासमोर ओरडायचं नाही, तो पुढचं रडणंही आधीच ऐकवतो, असं खुनचाची सासू सांगे.

कड्यासमोरच्या झाडाखाली खुनचा अक्रोड वेचत होती. तिचा नवरा नहरो झाडावर चढून फांद्या झोडत होता.

"आईने घाबरवलंय वाटतं! मार की हाक, भित्रे!"

"नहरो!" ती ओरडली. कड्याने हाक परत दिली.

मग ती गप्प असतानाच समोरून तिच्याच आवाजात आलं, "नहरो!"

"पुरे आता," तो हसला.

"मी नाही ओरडले. खाली उतर बघू."

"एवढी फांदी झोडू दे गं."

खुनचाने ओठ घट्ट मिटले. समोरच्या कड्यावर तिच्याच आवाजाने हंबरडा फोडला.