दोन माणसांचं यंत्र

सफरचंदाची चिचा, म्हणजे आंबवलेली दारू, गाळायची तर आधी फळं भरडावी लागतात, म्हणून नोल्फाचे बाबा कास्त्रोच्या दुकानात भरडयंत्रं पारखत होते. सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बाबांच्या तब्येतीबद्दल जे सांगितलं, ते तोंडावर दिसेल या धास्तीने ती त्यांची नजर चुकवत होती.

"बाबा, विजेवरचं घेऊ या."

"आणि वीज गेली की त्यावर कोंबड्या बसवू!"

"मग हे हातानं फिरवायचं?"

"याला दोन माणसं लागतात. एक भरायला, एक फिरवायला."

"आहोत की दोघं!"

बाबा पुढे सरकले आणि एका रुंद तोंडाच्या यंत्रापाशी थांबले. "फिरव बघू."

तिने दांडा फिरवला.

"हेच दे रे," ते दुकानदाराला म्हणाले. "एकदा भरून ठेवलं की हिला एकटीला फिरवता येईल."