पाचवी पिन

कट्.

दुपारच्या शांत घरात तेवढाच आवाज झाला आणि तिने श्वास रोखला. आतल्या खोलीत मुलीने कूस बदलली, चुळबुळली, पुन्हा झोपली. स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळून बसवलेल्या कुलपात चौथी पिन जागेवर गेली होती. आता एकच उरली.

"बाबा, चौथी!" ती कुजबुजली.

मागे खुर्चीत बसलेल्या वडिलांनी मान डोलावली. "बरं आहे, बाई. पण तुम्ही फार घाई करता."

तेवढ्यात कुलूप ताणून धरणाऱ्या पट्टीवरचा हात ढिला पडला आणि चारही पिना सटासट खाली आल्या.

"सांगितलं नव्हतं?" बाबा म्हणाले.

बाई. तुम्ही. आठ महिने ती बाबांच्या लेखी कुणीतरी बाहेरची, कामसू बाई होती. चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाच्या डोक्यातून जावई गेला, नात गेली, शेवटी लेकही गेली. कुलूप तेवढं राहिलं.

हे कळलं तेही योगायोगाने. गाडीच्या जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी काढून ती एकदा गंमत म्हणून कानशीने घासत बसली होती. लहानपणी बाबांच्या दुकानात बघितलेलं जमतंय का, एवढंच. बाबा उठून आले आणि त्यांनी कानस हातातून काढून घेतली.

"पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. लाटणं आहे का ते?"

वर्षभरात ते एवढं सलग बोलले नव्हते.

तेव्हापासून पोरगी झोपली की दीड तास या दोघांचा. रस्ता झाडणाऱ्या यंत्राच्या गळून पडलेल्या तारा, करवतीची तुटकी पाती, जे सापडेल ते घासायचं आणि किल्लीशिवाय कुलूप उघडणारे बारीक आकडे बनवायचे. शेजारणीने एकदा विचारलं, "दुपारचं काय गं करतेस, विणकाम?"

"हो," ती म्हणाली, "पोलादाचं."

नवऱ्याला मात्र भारी कौतुक. बाबा दोनदा न सांगता बाहेर पडून हरवले, तेव्हा त्याने दाराला आतूनही किल्ली लागेल असं कुलूप बसवलं. त्याच जातीचं दुसरं तिला सरावाला आणून दिलं. "आपल्याच घरापासून सुरुवात कर," तो म्हणाला. "पकडली गेलीस तरी तक्रार कोण करणार?"

ती हसली होती. पण तिला हवं होतं ते वेगळंच. लहानपणी दुकानात तिने एखादं कुलूप उघडलं की बाबा गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे, "ठमे, जिंकलीस!" हे उघडलं तर बाबांच्या तोंडी ते नाव येईल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. एकदा. फक्त एकदा.

"पाचवी चौथीच्या आड लपते," बाबा म्हणाले. "आकडा जाड आहे तुमचा. नवा करा. दोन करा, एक ऐन वेळी मोडतो. ताणाची पट्टीही दोन."

तिने घासायला घेतलं.

"पाण्यात बुडवा, बाई. तापला की मऊ पडतो."

बुडवला. पुन्हा घासला. पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत केल्या. बोटं काळी झाली, कपाळावर बट आली, ती मागे सारताना कपाळही काळं झालं. मुलगी उठायला जेमतेम अर्धा तास होता.

बाबांनी दोन्ही आकडे उजेडात धरले. अंगठ्याच्या नखावरून फिरवले. मग त्यांचे डोळे एकदम स्वच्छ झाले.

"ठमे," ते म्हणाले, "हा तू घे. दुसरा राहू दे माझ्याकडे."

तिच्या हातातली पट्टी खाली पडली. "काय म्हणालात?"

"कामाकडे बघ! मागे वळायचं नाही. कान पिनेकडे."

तिने पट्टी उचलली. डोळे भरून आल्यामुळे कुलूप दिसत नव्हतं, पण कुलूप डोळ्यांनी उघडत नाहीच. पहिली. दुसरी. बाबा काही बोलत नव्हते. चुकत नसलं की ते कधीच बोलायचे नाहीत. तिसरी. हात इतका हलका तिचा कधी पडला नव्हता. चौथी. आता त्या चौथीच्या खालून, अलगद, वर.

कट्.

आवाज तर आला, पण कुलूप फिरेना. भास झाला असेल. ती स्वतःशीच हसली, ताण किंचित कमी केला आणि आकडा पुन्हा उचलला.

कट्. आणि कुलूप फिरलं! लोण्यातून सुरी फिरावी तसं.

"बाबा! उघडलं! बाबा, जिंकले मी!" मुलगी झोपली आहे हे विसरून ती ओरडली आणि गर्रकन वळली.

खुर्ची रिकामी होती.

बाहेरच्या खोलीत वारा येत होता. दार सताड उघडं होतं, त्याच्या कुलपात दुसरा आकडा आणि पट्टी तशीच होती. उंबऱ्यावर मुलगी उभी होती, झोपेने गाल लाल झालेली, केस विस्कटलेले. तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि मग आईकडे.

"आजोबांनी मला पापी दिली," ती म्हणाली. "म्हणाले, उशीर झाला, दुकान बंद केलं, आता घरी जातो. ठमी शाळेतून आली असेल, एकटीच वाट बघत असेल. आई, आजोबांचं घर कुठे आहे?"