मास्तरांचा ब्रेक

"बाबा, ॲक्सिलरेटर अडकलाय. पाय काढला तरी गाडी पळतेय. पुढे शाळा सुटलीय." फोनवर लेकीचा आवाज फाटला होता.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा जन्म शिकाऊंच्या शेजारी, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन बसण्यात गेलेला. जेवणाच्या टेबलावरून ते शिकवणीतल्याच थंड आवाजात म्हणाले, "ब्रेक एकदाच, पूर्ण दाब. सोडू नकोस. आता क्लच दाबून गिअर न्यूट्रलला टाक. इंजिन ओरडेल, ओरडू दे. कडेला घे."

फोनमधून नुसती घरघर. मग हुंदका. "थांबली, बाबा."

"बरं. आता इंजिन बंद कर."

फोन ठेवला तरी मास्तर उठेनात. बायकोने टेबलाखाली वाकून पाहिलं आणि त्यांच्या ताठलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबलीय हो ती. आता पाय उचला."