माझ्याच नावाचा संगणक

माझ्या आधीची तीन मुलं गेली, म्हणून आपाने, म्हणजे माझ्या आईने, माझं नाव तोक्तोसुन ठेवलं. म्हणजे, 'हा इथेच राहो'. आम्हा किरगिझांत अशा नावाची मुलं जगतात.

बिश्केकच्या घरी मी जुने संगणक जोडत बसतो. प्रत्येकाला एक नाव देतो. पण तीन संगणक एकामागून एक जळाले. चौथ्याला मी गंमत म्हणून माझंच नाव दिलं.

आई भडकली. "मेल्या, रडून रडून मागितलेलं नाव ते! लोखंडाला देऊन टाकतोस?"

"आपा, यंत्रच तर आहे."

चौथा टिकला. आज तो बंद करायला गेलो, तर बंदच होईना. शेवटी वायर उपटली. हिरवा दिवा तसाच जळत राहिला.

"आपा!" मी ओरडलो. "लवकर ये!"

पिठाचे हात पुसत आई आली. माझ्या शेजारून सरळ पुढे गेली आणि संगणकावर हात ठेवून म्हणाली, "काय रे तोक्तोसुन, हाक मारलीस?"

"आपा, मी इथे आहे!"

ती वळली. माझ्या आरपार पाहत तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"गार वारा कुठून येतोय रे?" तिने संगणकाला विचारलं.