पत्ता कुणी सांगितला

कट्ट. शांत खोलीत लॅपटॉपचं बिजागर मोडलं. लेकीची कार्टून त्यातच होती, म्हणून नवऱ्याच्या घरातून पळताना आईने तेवढाच उचलला होता. फोन मुद्दाम मागे ठेवला, इथे नेटही घेतलं नाही.

खालच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं. "ताई, सेकंडहँड ना?"

"हो, नवऱ्याने आणला होता."

"याच्या आतच सिम आहे, आणि चालू आहे. तुम्ही नेट घ्या न घ्या, लॅपटॉप कुठे आहे ते त्यांना घरबसल्या दिसत असणार. त्यांना बरीच काळजी दिसते हो तुमची."

याआधीची भाड्याची खोली नवऱ्याने हुडकली, तेव्हा तिने लेकीलाच धारेवर धरलं होतं, "शाळेत पचकलीस ना?" तेव्हापासून पोर शाळेत चकार शब्द काढत नव्हती.

म्हणजे ही खोलीही त्याला ठाऊक होती. आजच निघायला हवं. पुन्हा नवं गाव, नवी शाळा. तिने शेजारी उभ्या लेकीला उराशी घट्ट धरलं.

"तू नव्हतं गं सांगितलंस, सोन्या."

लेकीचा चेहरा उजळला.

"मग उद्या शाळेत बोलू मी?"